आपांची सुई

आपांचा चेहरा मला कमी आठवतो, पाठच जास्त आठवते. आमच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये त्यांचं टेबल खिडकीला लावलेलं होतं आणि त्या बसायच्या खिडकीकडं तोंड करून, म्हणजे आमच्याकडं पाठ करून. कारखाना शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत. खाली लेझर मशीन पत्रे कापायचं आणि वरच्या मजल्यावर आम्ही त्या पत्र्यांची ड्रॉइंग काढायचो. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं आपल्याकडं लक्ष नाही, चला, जरा मोबाईल काढू. तेवढ्यात खिडकीकडून आवाज यायचा, "मियाँ, रेघा काय आपल्या आप उमटणार हैत का?" मोबाईल मुकाट खिशात जायचा.

आपा कानानं काम बघायच्या. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. माउसच्या टकटकीवरून कोण काय करतंय ते त्यांना कळायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर शिंदे म्हणून एक जुना ड्राफ्ट्समन होता. एकदा सकाळी सकाळी आपा पाठ न वळवता त्याला म्हणाल्या, "शिंद्या, एक रेघ काढतो अन् चार पुसतो. घरी भांडून आला का?" जेवायच्या सुट्टीत शिंद्यानं डबा उघडला तेव्हा त्यात नुसती भाकरी निघाली, भाजी नव्हती. मग आम्हालाही कळलं.

सगळे त्यांना आपाच म्हणायचे, आपा म्हणजे थोरली बहीण. आमचे शेठ वयानं त्यांच्यापेक्षा मोठे, तेही आपा म्हणायचे आणि केबिनमध्ये बोलवायचं धाडस न करता स्वतः जिना चढून वर यायचे. आपा शहागंजातल्या, जुन्या शहरातल्या. वडील तिथं शिंपीकाम करायचे. कोवळ्या वयात त्या ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिल धरून उभ्या राहिल्या, तेव्हा या धंद्यात बाई म्हटलं की लोक रिसेप्शनकडं बोट दाखवायचे. पुढं कॉम्प्युटर आले, भलेभले बोर्डवाले घरी बसले, आपा मात्र बसल्या त्या कॉम्प्युटरपुढंच. नम्रपणा नावालाही नव्हता. "माझ्यासारखी गोलाई काढणारा या पट्ट्यात कुणी असंल तर आणा, मी त्याला सलाम ठोकते," असं त्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या आणि कुणी कुणाला आणलं नव्हतं.

सकाळी येताना त्या शहागंजाच्या बाजारातून भाजी आणायच्या आणि कामावर निवडायच्या. मेथी, पालक, शेपू, जे असेल ते. तुम्ही काही विचारायला गेलात की आधी हातात जुडी यायची. "रिकाम्या हातानं विचारलेल्या सवालाला जवाब नसतो," हा त्यांचा कायदा. पुण्याहून एक बडे ग्राहक आले होते, टाय वगैरे लावून. गेटच्या नक्षीत बदल पाहिजे म्हणाले. आपांनी त्यांच्या हातात मेथी दिली. बिचारे शेठकडं बघायला लागले, शेठ छताकडं. शेवटी ते बसले निवडायला, आणि निम्मी जुडी होईपर्यंत स्वतःच म्हणाले, "तसं आहे ते डिझाइनही वाईट नाही." आपा म्हणाल्या, "देठं जाड ठेवली तुम्ही."

आता सुईचं सांगते.

आम्ही जाळ्या करायचो. गॅलरीच्या, गेटच्या, मंगल कार्यालयाच्या. पत्र्यात वेलबुट्टी कापायची, मधला भाग गळून पडला की जाळी तयार. आमच्या शहरातला माणूस दगडाच्या जाळ्या बघत मोठा होतो, त्याला पत्र्याच्या जाळीतली खोट लगेच दिसते. पडद्यावर फूल अखंड वाटतं, पण ते शेकडो सुट्या रेघांचं आणि कमानींचं बनलेलं असतं. लेझरला ती सगळी मिळून एकच सलग रेघ लागते. मधे कुठं जोड सुटला असेल तर लेझर तिथं थांबतं, पुन्हा पेटतं आणि पत्र्यावर काळा डाग पाडतं. कधी पाकळी गळून न पडता लटकून राहते. हातानं रेघा जोडत बसलं तर डोळ्यांचं पाणी होतं. म्हणून आपांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. एका रेघेवर माउसचा बाण ठेवायचा, बटण दाबायचं, की तिच्या आसपासच्या सगळ्या रेघा आपसूक जोडल्या जायच्या. तिचं नाव सुई. "अब्बा कपडे शिवायचे, मी रेघा शिवते," एवढं एकच वाक्य त्या वडिलांबद्दल बोलायच्या.

सुईची फाईल उघडून बघायची कुणाला परवानगी नव्हती. आणि कधी काही बिघडलंच तर खिडकीकडून ठरलेलं उत्तर यायचं, "सुई चुकत नाही. हात चुकतो."

मी लागले तेव्हा चुकणारा हात माझा निघाला.

मी दौलताबादची. किल्ल्याखाली आमची थोडी शेती, सीताफळाची झाडं. डिप्लोमा करून इथं उमेदवारीवर लागले. आमच्या वडिलांनी अख्ख्या गावात सांगून ठेवलं होतं की पोरगी कंपनीत नकाशे काढती. आणि इथं माझ्या हातून पत्र्यामागून पत्रे वाया जायला लागले. गंमत अशी की दर वेळी जायचे नाहीत. एखादी जाळी आरशासारखी निघायची, पुढचीला काळे डाग. तीच सुई, तेच बटण, तीच मी. शिंदे येऊन बघून गेला, त्याच्यासमोर सुईनं झकास टाके घातले. शेठ स्वतः येऊन मागं उभे राहिले, तेव्हाही झकास. "आमच्यासमोर तर चालतंय की," म्हणून सगळे जायचे आणि मी एकटी उरले की पुन्हा पाकळ्या लटकायच्या. कॉम्प्युटर बदलून झाला. सगळं पुसून पुन्हा टाकून झालं. खालच्या मशीनवाल्यांनी माझ्या टेबलाला लिंबू-मिरची बांधली आणि मला पनवती म्हणायला लागले. लिंबू मी काढून टाकलं, पण नाव काही काढता येईना.

मंगल कार्यालयाच्या मोठ्या जाळीचं काम आलं तेव्हा शेठ माझ्याशी फार गोड बोलले. गोड बोलले तेव्हाच मी समजले. म्हणाले, "हे बघ ताई, ही जाळी नीट निघाली तर तुला कायम करतो. नाही निघाली तर पॅकिंगला जा. तिथं बी माणूस लागतंच की." पॅकिंग म्हणजे खाली, मागच्या बाजूला, तयार जाळ्यांना प्लॅस्टिक गुंडाळायचं. काम कुठलं वाईट नसतं हे मलाही कळतं. पण मला रेघा काढायच्या होत्या. मला दुसरं काहीच करायचं नव्हतं.

त्या रागात मी आपांच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आपा, माझा हात नाय चुकत. तुमच्या सुईतच कायतरी हाय."

शिंद्याचा माउस थांबला. आपांच्या हातातली मेथीसुद्धा थांबली. मला वाटलं, आता पॅकिंगसुद्धा नाही, थेट दौलताबादची बस. आपांनी पाठ न वळवता एक जुडी माझ्याकडं सरकवली. बराच वेळ आम्ही दोघी पानं खुडत बसलो. मग त्या म्हणाल्या, "सुई चुकत नाही. पण तू बी झूट बोलत नायस, तुझ्या आवाजात ते नाय. दोन्ही सच असंल, तर मी अजून नीट ऐकलेलं नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "मी इथं नाय असं समज, अन् काम कर." आणि त्या खिडकीकडं तोंड करून शेपू निवडत बसल्या. ना पडद्याकडं बघितलं, ना माझ्याकडं. मी एक फूल जोडलं. बिघडलं. आपा म्हणाल्या, "पुन्हा." पुन्हा बिघडलं. "पुन्हा." माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. त्यांनी हाक मारली, "शिंद्या, जा तिच्या टेबलाशी उभा ऱ्हा." शिंदे आला, मी फूल जोडलं, सगळं अखंड. शिंदे हसून म्हणाला, "बघा आपा, चालतंय."

"चूप," आपा म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू आत्ता चाक काय्कू फिरवलं?"

"कोणतं चाक?"

"माउसचं. शिंदे आला, चाक करकर वाजलं. आधी एकदा बी वाजलं नाय."

मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आठवून म्हणाले, "ते... मोठं माणूस टेबलाशी आलं, म्हणून पूर्ण ड्रॉइंग दाखवलं त्यांना. नखाएवढं फूल काय दाखवायचं? बरं नाय दिसत."

"अन् एकटी असलीस की पूर्ण नाय बघत?"

"नाय आपा. मी जवळूनच बघते. मी शिकले त्या लॅपटॉपचा निम्मा पडदा काळा पडलेला होता. चुलतभावानं टाकून दिलेला. वरच्या निम्म्यात जेवढं मावंल तेवढंच मोठं करून बघायचं अन् पुढं सरकायचं. तीच सवय हाय."

आपांनी शेपू खाली ठेवला. खुर्ची फिरवली. इतक्या महिन्यांत त्या कामाच्या वेळी पहिल्यांदाच आमच्याकडं तोंड करून बसल्या होत्या आणि तो चेहरा बघून शिंदे आपोआप दोन पावलं मागं सरकला. मग त्या पुन्हा स्वतःच्या पडद्याकडं वळल्या, एक जाळी उघडली, चाक फिरवून फिरवून एकच पाकळी पडद्यावर मोठी केली आणि सुई चालवली. पाकळीपुरतं शिवलं. मग चित्र लहान करून पूर्ण बघितलं. बाहेरचं सगळं सुटं.

आम्ही सगळे त्यांच्या मागं गोळा झालो होतो.

"जेवढं पडद्यावर असंल तेवढंच उचलती," आपा हळू म्हणाल्या. "बाहेर बी काय हाय, हे तिला ठावंच नाय."

बाकीचे आम्ही... म्हणजे ते सगळे, काम संपलं की सवयीनं चाक फिरवून पूर्ण ड्रॉइंग डोळ्यांखालून घालायचे आणि मग सुई चालवायचे. ही सुद्धा एक पायरी आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं, म्हणून मला कुणी सांगितलीच नव्हती. आणि मी फक्त पाहुणे आले की घर आवरावं तसं, कुणी बघायला आलं की पूर्ण ड्रॉइंग दाखवायचे. म्हणून चारचौघांत सुई शहाणी आणि एकांतात वेडी. इतके जण इतके दिवस पडद्याकडं डोळे फाडून बघत होते, आणि हे सापडलं होतं शेपू निवडणाऱ्या, पाठमोऱ्या बाईला, एका चाकाच्या आवाजावरून.

शिंद्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. "सोपं झालं आपा. तिला म्हणा, आधी चाक फिरवत जा. विषय संपला."

"विषय काय्कू संपला?" आपा असं काही ओरडल्या की खालच्या मशीनवाल्यानं वर बघितलं असेल. "सुई माझी आंधळी, अन् पोरीला सांगू डोळे मोठे कर म्हणून? इकडं ये गं. बस."

त्यांनी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मी कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं. मग सुईची फाईल उघडली, जी कुणी कधी बघितली नव्हती. त्या उभ्या राहून सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. आधी अख्खं ड्रॉइंग पडद्यावर आण, मग रेघा गोळा कर, जोड, आणि काम झालं की माणूस जिथं बघत होता तिथंच त्याला नेऊन सोड. शेवटची ओळ मला कळली नाही. मी विचारलं, "पुन्हा जवळ कशाला न्यायचं?"

"तुझी सवय तुझी हाय," त्या म्हणाल्या. "ती मोडायचा माझा हक नाय."

मंगल कार्यालयाची जाळी मी माझ्या पद्धतीनं, एकेक पाकळी मोठी करून जोडली. पूर्ण ड्रॉइंग बघायला चाक फिरवलं नाही. खाली पत्रा मशीनवर चढला तेव्हा अख्खा कारखाना गोळा झाला होता. कापून झाल्यावर पत्रा उचलला आणि पाकळ्या झडझडून खाली पडल्या, एकही लटकली नाही. एक डाग नाही.

आपांनी मशीनवाल्याला पुढचा पत्रा चढवू दिला नाही. "बंद कर," म्हणाल्या. मशीन बंद झालं की शेडमध्ये केवढी शांतता असते, ते मला त्या दिवशी समजलं. त्या मधोमध उभ्या राहिल्या. दुपट्टा नीट केला. "हिला पनवती कोण कोण म्हणतं? सगळेच म्हणता, मी वर बसून ऐकते. आता माझं ऐका. जेवढे पत्रे वाया गेले ते माझ्या सुईनं घालवले. मी लिहिलेली सुई, माझी चूक. हिचा हात पाक हाय."

शेठ घाईघाईनं पुढं आले. आपांचं असं बोलणं त्यांना ऐकवत नव्हतं. "आपा, असू द्या हो. वर बसून बोलू आपण."

"पत्रा खाली खराब झाला, बोलणं वर काय्कू?"

शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी कायम. झालं?" मशीनवाला माझ्याकडं न बघताच पुटपुटला, "चुकलं ताई." मी मान हलवली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि त्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटत होतं. पण आपांना असले प्रकार खपायचे नाहीत.

आम्ही दोघी जिन्याकडं निघालो. माझं तर सगळं मिळून झालं होतं. पहिल्या पायरीशी आपा थांबल्या. कठड्यावर हात ठेवला. मला वाटलं दम लागला असेल.

"तुझ्या आधी तुझ्या टेबलावर कोण होतं, ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं.

"सोमनाथ. त्याचे बी पत्रे असेच जायचे. कधी चांगले, कधी खराब. त्याला चष्म्याची गरज होती, घेत नव्हता. चाक फिरवून रेघा मोठ्या करूनच बघायचा. मीच म्हणाले होते शेठला. सुई चुकत नाही, हात चुकतो."

आणि त्या जिना सोडून मागच्या बाजूला, पॅकिंगकडं चालायला लागल्या. मी मागोमाग. आपांना पॅकिंगच्या शेडमध्ये कुणी कधी बघितलं नव्हतं. तिथली माणसं उठून उभी राहिली. सोमनाथ तीस-बत्तिशीचा असेल, आता डोळ्यांवर चष्मा होता, एका जाळीला प्लॅस्टिक गुंडाळत होता. आपा त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "सोमनाथ, तुझा हात चुकत नव्हता. माझी सुई चुकत होती. आज कळलं मला."

त्याला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग समजलं. तो हातातल्या चिकटपट्टीचं टोक शोधत राहिला, उगाचच, नखानं खरवडत. "एवढं सांगायला तुम्ही खाली आलात, आपा?"

"सांगायला नाय. विचारायला आले. वर येतो का?"

"इसरलो असंन आता सगळं."

"मी बसते तुझ्याजवळ."

सोमनाथनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जाळीकडं. "एवढं गुंडाळून होऊ द्या," म्हणाला.

"होऊ दे की," आपा म्हणाल्या आणि त्यांनी वाकून प्लॅस्टिकच्या गुंडाळीचं दुसरं टोक धरलं. पुण्याच्या साहेबांपुढं खुर्चीतून न उठणारी बाई ही, पण इस्त्रीच्या दुपट्ट्याला धूळ लागत होती तिकडं बघत नव्हती. तो जाळी फिरवायचा, त्या प्लॅस्टिक सैल सोडायच्या. कुणी मदतीला पुढं झालं नाही. मदत करणं बरं दिसलं नसतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं बघितली, पण एवढं मोठं माणूस मी पुन्हा बघितलेलं नाही.

जाळी गुंडाळून झाली. सोमनाथनं नळावर हात धुतले, पँटला पुसले आणि आमच्याबरोबर निघाला. जिन्याशी तो अदबीनं बाजूला झाला, आपांना आधी जाऊ द्यायला. आपा जागच्या हलल्या नाहीत.

"चल, चढ," त्या म्हणाल्या. "मी हाय मागं."